जुनं व्हर्जन आणि आत्याचा गुडघा

रजेवरून परत आले त्या सकाळी नवे साहेब माझ्या टेबलापाशी हाताची घडी घालून उभे होते. आता मी त्यांचे आभार मानणार, असा भाव चेहऱ्यावर.

"बघा," ते म्हणाले, "तुमच्या कंप्युटरची साफसफाई करून ठेवलीय. केवढा पसारा होता! प्रोग्राम लिहायच्या एकाच भाषेची तीन-तीन व्हर्जनं! मी दोन काढून टाकली. सगळ्यात नवं तेवढं ठेवलं. एक कंप्युटर, एक व्हर्जन."

बहिणीचं बाळंतपण उरकून मी आले होते. महिनाभर धड झोप नव्हती. पण हे ऐकलं आणि अंगाचा असा तिळपापड झाला की झोप कुठल्या कुठे पळाली.

आम्ही पाय बनवतो. ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी कृत्रिम पाय. त्यात सगळ्यात अवघड असतं ते सॉकेट, म्हणजे माणसाचा उरलेला पाय ज्यात बसतो तो कडक पेला. पाऊल बाजारात तयार मिळतं, मधली नळी तयार मिळते, सॉकेट मात्र ज्याचं त्याचं. एक यंत्र उरलेल्या पायाभोवती फिरून त्याचा आकार टिपतं, कंप्युटर त्या आकारावरून माप काढतो आणि त्या मापावर आमचे मिस्त्री सॉकेट घडवतात. कंप्युटरचं काम माझं.

आता त्या तीन व्हर्जनांचं. आकार टिपणारं यंत्र त्याच भाषेतलं मधलं व्हर्जन मागायचं, दुसरं दिलं की हटून बसायचं. बिलं आणि छपाईला नवं लागायचं. आणि माप काढणारा प्रोग्राम सगळ्यात जुन्या व्हर्जनवर चालायचा, कारण तो मोठ्या साहेबांनी लिहिला होता. मोठे साहेब म्हणजे ज्यांनी हा कारखाना काढला ते. आता ते थकलेत, मुलीकडे राहतात; नवे साहेब त्यांचे चिरंजीव. तिघींना एका घरात नांदवायचं तर प्रत्येकीला वेगळी चूल मांडून द्यावी लागते. हिचा डबा तिच्या फडताळात जाता कामा नये, तिचं पीठ हिने वापरता कामा नये. मी प्रत्येकीचा संसार वेगळ्या फोल्डरमध्ये थाटून दिला होता आणि वर्षानुवर्षं कुणाची कुरकुर नव्हती. पण बाहेरून बघणाऱ्याला तीन चुली म्हणजे पसाराच दिसतो.

"साहेब," मी शक्य तेवढ्या थंडपणे म्हटलं, "मापाचा प्रोग्राम नव्या व्हर्जनवर चालत नाही."

"चालतो की! सुरुवातीला थोडी बोंबाबोंब केली त्याने. इथे कंस नाही, तिथे कंस नाही. माझ्या मेहुण्याचा मुलगा यातलाच आहे, त्याने बसून कंस घातले. आता एकही एरर येत नाही."

"एरर येत नाही म्हणजे माप बरोबर येतं असं नाही."

"एरर आली का? नाही ना? मग?" साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला रजेने जडत्व आलंय. "आणि हो, यापुढे काहीही टाकायचं-काढायचं तर मला विचारून. पासवर्ड आता माझ्याकडे आहे."

माझ्याच कंप्युटरवर मीच पाहुणी! मी दात-ओठ खात बसले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे ठोकळा शोधला.

ठोकळा ही आमच्याकडची जुनी रीत. मोठ्या साहेबांनी अगदी सुरुवातीला एका पायाचा प्लास्टरचा साचा करून ठेवला होता. त्याचं माप त्यांनी हाताने, पट्टीने, टेपने, सगळ्या बाजूंनी घेतलं आणि बरोबर बसलेल्या सॉकेटचा आकडा ठोकळ्याच्या बुडावर रंगाने लिहून टाकला. रोज सकाळी पहिला माणूस येण्याआधी ठोकळा यंत्रावर ठेवायचा, प्रोग्राम चालवायचा आणि आलेला आकडा बुडावरच्या आकड्याशी जुळतो का बघायचा. जुळला की दिवस सुरू. ठोकळ्याची आंघोळ झाली का, असं मिस्त्री विचारायचे.

ठोकळा जागेवर नव्हता.

"ते बंद केलं साहेबांनी," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले. "म्हणाले, रोज रोज काय तेच माप काढता, ठोकळा वाढतोय का? कुठे ठेवला ते मला नाही ठाऊक."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"मी काय बोलणार?" मिस्त्री म्हणाले. हे वाक्य मला लहानपणापासून डोक्यात जातं. ज्यांनी बोलायला हवं ते सगळे हेच म्हणतात.

तो ठोकळा माझ्या आत्याच्या पायाचा होता, हेही सांगायला हवं. मोठ्या साहेबांची ती पहिलीवहिली ग्राहक. साखरेच्या आजारात चिघळलेल्या जखमेपायी तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हापासून ती आमच्याकडचाच पाय घालते. तिच्याच वशिल्याने मी इथे चिकटले, असं ती चारचौघांत सांगते. मी रजेवर असतानाच तिचं जुनं सॉकेट सैल झालं म्हणून तिने नवं करून घेतलं होतं. संध्याकाळी तिच्याकडे जायचंच होतं, बाळाचे फोटो दाखवायला.

आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. शाळेत खेळ शिकवायची ती. आयुष्यभर मैदानावर उभी राहून शिट्टी फुंकली आणि पडलेल्या पोरांना एकच वाक्य सांगितलं, "लागलं? बरं. उठ आणि पळ." ती शिट्टी अजून दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. रिटायर झाल्यावरही ती रोज तीन मजले उतरून मैदानात जाते आणि परक्यांच्या पोरांना विनाकारण ओरडून येते. त्याशिवाय तिला जेवण जात नाही.

दार उघडायला तिला वेळ लागला. आणि दार उघडल्यावर ती वळली ती भिंतीला हात लावून.

"भिंत कशाला धरतेस?"

"कुठे धरली? हात लागला." ती खुर्चीपर्यंत गेली. खाली बसताना तिचा जबडा आवळला गेला. तो जबडा मी ओळखते. आमच्या आजोबांना अग्नी दिला तेव्हा तो तसाच आवळलेला होता.

"आत्या, पाय काढ."

"आधी फोटो दाखव."

"आधी पाय."

तिने बराच वेळ घालवला. मग पट्टा सोडला, सॉकेट ओढलं. आतला मोजा नडगीच्या हाडापाशी तपकिरी झाला होता, वाळलेला आणि त्याच्या मधोमध ओला. मोजा सोलताना ती खिडकीबाहेर बघत होती. मोज्याखाली जखम होती. तिने त्यावर पावडर थापली होती. पावडर! जिचा एक पाय अशाच जखमेने गेलाय त्या बाईने!

"किती दिवस झाले?"

"नवं आहे, चावणारच. नवा बूट चावत नाही?"

"आत्या, किती दिवस?"

"झाले असतील काही." मग ती जरा नरमली. "अगं, सांगणार होते मी. पण तुझ्या कंप्युटरने काढलेलं माप. तू तिकडे बाळंतिणीपाशी, आणि इकडे मी जाऊन कुरकुर करायची? तुझ्या माघारी कुणी तुला बोल लावला असता. म्हटलं, माझ्या भाचीचं माप चुकायचं नाही, माझाच पाय सुजला असेल. बसेल हळूहळू."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. तिचा राग, साहेबांचा राग, त्या कंस घालणाऱ्या दिवट्याचा राग, सगळा एकदम. माझ्या नावासाठी ही बाई रोज तीन मजले त्या सॉकेटमध्ये उतरत होती, चढत होती. आणि ते माप माझं नव्हतंच.

डॉक्टर गल्लीच्या टोकालाच बसतात. मी आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी, आम्ही तिला खुर्चीसकट खाली नेलं. ती वाटभर शेजाऱ्यांना खुर्ची कशी धरायची ते शिकवत होती. डॉक्टरांनी जखम धुतली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पाय घालायचा नाही. मी सांगेपर्यंत एक पाऊलही नाही," ते म्हणाले. "भरली तर उत्तम. हाडापर्यंत गेली तर मला गुडघा वाचवता येणार नाही. वरून कापावं लागेल."

गुडघा म्हणजे काय, हे ज्याचे दोन्ही शाबूत आहेत त्याला कळायचं नाही. गुडघा असेल तर कृत्रिम पायाने जिना चढता येतो, मैदानात उभं राहता येतं. गुडघा गेला की या वयात, या आजारात, तिसरा मजला म्हणजे तुरुंग. आत्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.  तिने मांडीवरचा हात गुडघ्यावर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात पोचले ती तडक साहेबांच्या केबिनकडे. दार सताड उघडं होतं. वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला खाली टेकण लावलं होतं. टेकण कसलं, तर आमचा ठोकळा! आत्याचा पाय दाराला लावून साहेब वारा खात होते.

मी वाकून तो उचलला. दार धाडकन आपटलं. साहेब दचकून बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"आंघोळ," मी म्हटलं आणि ठोकळा यंत्रावर ठेवला.

मिस्त्री आपलं काम सोडून येऊन उभे राहिले. यंत्र फिरलं, प्रोग्राम चालला. एकही एरर आली नाही. पडद्यावर आकडा आला. मी ठोकळा उलटा करून बुडावरचा आकडा साहेबांच्या नाकासमोर धरला. पडद्यावरचा आकडा लहान होता. फार नाही, थोडासाच. पण सॉकेटमध्ये थोडंसं म्हणजे काय ते माझ्या पिशवीत होतं. मी आत्याचा तो मोजा काढून टेबलावर ठेवला.

साहेबांनी मोज्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं. पण केबिनमध्ये परत गेले नाहीत.

मग मी ते कंस घातलेलं काम उघडलं. चूक सापडायला वेळ लागला नाही. चूक म्हणण्यासारखीही नव्हती, हेच तर दुखणं. जुन्या व्हर्जनमध्ये एका पूर्ण संख्येला दुसऱ्या पूर्ण संख्येने भागलं की वर उरलेला तुकडा ते टाकून देतं. सातला दोनने भागा, उत्तर तीन. साडेतीन नाही, तीन. नव्या व्हर्जनला हे पटत नाही, ते साडेतीनच देतं. सॉकेट उरलेल्या पायापेक्षा किंचित आवळ लागतं, नाही तर चालताना निसटतं. किती आवळ, ते हा भागाकार ठरवायचा. मोठ्या साहेबांनी तो टाकलेला तुकडा हिशेबात धरूनच पुढचं सगळं बसवलं होतं, माणसांना चालवून, विचारून, पुन्हा चालवून. नव्या व्हर्जनने तो तुकडा परत आणला. सॉकेटच्या वरपासून खालपर्यंत दर गोल कड्याला थोडा थोडा आवळपणा वाढला आणि सगळा जाऊन नडगीच्या हाडावर बसला.

कंस नाहीत म्हणून हेच व्हर्जन गळा काढून ओरडलं होतं. कंसाने कुणाचं काय बिघडतं? आणि भागाकार बदलला तेव्हा मूग गिळून गप्प!

साहेबांनी सगळं ऐकलं. समजलंही त्यांना, तेवढे ते हुशार आहेत. आणि मग ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"म्हणजे गणिताच्या दृष्टीने नवं व्हर्जनच जास्त बरोबर आहे."

"साहेब, पायाला गणित येत नाही!" मी ओरडले. हो, ओरडलेच. "पायाला बसतं तेच बरोबर."

"पण मग बाकीच्यांचं कसं? महिनाभरात बाकीच्यांचीही सॉकेटं गेली. त्यांची तक्रार नाही."

आता मिस्त्रींनी घसा खाकरला. "आहे ना साहेब. सगळ्यांची आहे. येतात, ओरडतात, मी कानस मारून आतून घासून देतो. रोज घासतोय. मला वाटलं, नवीन माल कडक असेल."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, एरर येत नाही."

 मग साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे प्रश्न सुटत होताच की! जे बोलले त्यांचं काम झालं. तुमच्या आत्यांनी बोलायला हवं होतं."

 जो ओरडेल त्याला कानस, जो विश्वास ठेवेल त्याला जखम, असा हा कारभार! आत्या बोलली नाही, कबूल. तिच्याशी मी भांडून घेतलंय, पुढेही भांडेन. पण कंप्युटर बोलला नाही तर यांना आनंद होतो आणि आत्या बोलली नाही तर तिची चूक? मी हे सगळं त्यांना तोंडावर ऐकवलं. त्यांना शेवटी एवढंच सांगितलं, की त्या मेहुण्याच्या मुलाच्या मापावर यापुढे मी एकही सॉकेट जाऊ देणार नाही, पासवर्ड द्या नाहीतर माझी खुर्ची त्याला द्या.

मिस्त्री हळूच म्हणाले, "मीपण नाही घडवणार साहेब." इतक्या हळू, की साहेबांनी दोनदा विचारलं काय म्हणालात. दुसऱ्यांदा ते जरा मोठ्याने म्हणाले.

साहेबांनी पासवर्ड दिला. "लावा तुमचं ते जुनं," ते म्हणाले. "पण तीन-तीन व्हर्जनं ठेवायची तर जबाबदारी तुमची." जशी आजवर त्यांच्या वडिलांची होती! आणि ज्यांची सॉकेटं गेलीत त्यांना मी फोन करते म्हटल्यावर म्हणाले, "नेहमीची तपासणी आहे असं सांगा. चूक वगैरे शब्द नको."

मी प्रत्येक फोनवर 'चूक' हा शब्द वापरला. काहींनी मला शिव्या घातल्या. त्यांना मी मनापासून धन्यवाद दिले, कारण ते शिव्या घालण्याइतके धडधाकट होते. त्या महिन्यात जखमेपर्यंत गेली ती एकटी आत्याच.

जुनं व्हर्जन माझ्याकडे जपून ठेवलेलं होतं. पुन्हा तीन चुली मांडल्या. यावेळी मापाच्या प्रोग्रामच्या अगदी डोक्यावर एक ओळ घातली, की चालू होताना आपण कुठल्या चुलीवर आहोत ते आधी बघ, आणि चूल परकी असेल तर जागचा हलू नकोस, लाल अक्षरांत बोंब मार. ठोकळ्याची आंघोळ पुन्हा सुरू झाली. साहेबांच्या दाराला आता एक वीट लावलेली असते.

आत्या खिडकीशी बसून होती. पाय नाही, मैदान नाही. पहिले काही दिवस ती गप्प होती आणि आत्या गप्प असली की घर खायला उठतं. मग एकदा मी जिना चढत असताना वरून कर्णकर्कश शिट्टी ऐकू आली. खाली मैदानात पोरं खेळत होती आणि ही खिडकीतून त्यांना शिट्टीवर नाचवत होती. जखम भरत आली होती. सावकाश, आत्याला शोभणार नाही इतकी सावकाश. डॉक्टर प्रत्येक वेळी बघायचे आणि पुढची तारीख द्यायचे. शेवटी एकदा त्यांनी तारीख दिली नाही. "गुडघा राहिला," म्हणाले. "पुन्हा अशी हिंमत करू नका." आत्याने त्यांना सांगितलं, की तुमच्या दवाखान्यातली खुर्ची फार बुटकी आहे.

नव्या सॉकेटच्या दिवशी मी तिला निघतानाच बजावलं. "जुन्या व्हर्जनने काढलंय, ठोकळ्यावर ताडून बघितलंय. पण ते काही देव नाही. पहिल्यांदा घातल्यावर कुठे ना कुठे बोचतंच, त्यासाठीच मिस्त्री आहेत. बोचलं तर सांगायचं."

"सांगीन."

"तू नाही सांगणार. मी ओळखते तुला. माझं नाव खराब होईल, हे डोक्यातून काढ. तू गप्प बसलीस तर माझं नाव खराब होतं." आणि खिळ्यावरची शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली. "तोंडाने सांगवत नसेल तर ही वाजव."

"काहीतरीच तुझं," ती म्हणाली. पण गळ्यातून काढली नाही.

कारखान्यात चालून बघायला दोन दांड्यांमधली वाट आहे. आत्या तिथे उभी राहिली. मिस्त्रींनी पट्टा बांधला आणि कानस बाकावर ठेवून बाजूला झाले. साहेब केबिनमध्ये फोनवर होते. आत्याने पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. छान चालली, अगदी पूर्वीसारखी. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले.

वळताना तिचा जबडा आवळला गेला.

 मी नुसती बघत राहिले. तिने माझ्याकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं, आणखी एक पाऊल टाकायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. एक हात दांडीवरून काढला. शिट्टी तोंडात धरली.

सगळा कारखाना जागच्या जागी थांबला. मिस्त्रींच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. साहेब फोन हातात घेऊनच केबिनमधून धावत आले.

"काय झालं? काय झालं?"

आत्याने शिट्टी तोंडातून काढली आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. "इथे," ती म्हणाली. "इथे दुखतंय."

"एरर आली, साहेब," मी म्हटलं आणि मिस्त्रींच्या हातात कानस दिली.